पाणथळीचा शेजारधर्म

२००४च्या डिसेंबरात मी भरतपूरला गेलो होतो. निमित्त होतं जयपूरच्या एका बहुभाषिक कविसंमेलनाचं. संमेलन आटोपलं, परतीच्या गाडीला दीड दिवस होता. म्हटलं, सलीम अलींच्या लिखाणातून ज्याचं नाव इतक्या वेळा कानावर आलं, ते केवलादेवचं पक्षी उद्यान एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं. उद्यानाच्या दारातच सायकलरिक्षा मिळाली. रिक्षा चालवणारे सरदारजी वाटाड्याचंही काम करीत. तिथल्या रिक्षावाल्यांना पक्ष्यांची ओळख रीतसर शिकवलेली आहे.

पण दाखवायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या तळ्यांची मी चित्रं पाहिली होती, तिथं भेगाळलेली जमीन पसरली होती आणि तिच्यावर नीलगायी हिंडत होत्या. मी विचारलं, "पाणी कुठं गेलं?" सरदारजी म्हणाले, "वर अडलंय, साहेब." केवलादेवला पाणी मिळतं ते गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण आहे. पाऊस कमी झाला होता आणि धरणाखालचे शेतकरी म्हणत होते, आधी आमची शेतं, मग पाखरं. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

मग मी ज्यासाठी मुद्दाम गेलो होतो त्याची चौकशी केली. "सैबेरियातून येणारे ते पांढरे क्रौंच?" सरदारजींनी रिक्षाचा वेग कमी केला. "ते आता येत नाहीत. शेवटची जोडी येऊन गेली, त्याला तीन हिवाळे होत आले. आता फोटोतच पाहायचे."

मी पाखरू पाहायला गेलो आणि मला पाखरूही दिसलं नाही, पाणीही दिसलं नाही. परतीच्या गाडीत एकच गोष्ट मनात घोळत होती. या उद्यानाला कुंपण होतं, पहारा होता, जागतिक वारसा म्हणून १९८५ पासून मान होता. तरी या दोन्ही गोष्टी हातातून निसटल्या, कारण दोन्ही कुंपणाबाहेरून येत होत्या. पाणी शेजारच्या जिल्ह्यातून येत होतं आणि पाखरं शेजारच्या देशांमधून. तेव्हापासून या विषयाचं जे काही हाती लागलं ते मी वाचत आलो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. पाणथळ जागा राखायच्या तर शेजारी देशांनी एकत्र का यावं लागतं, आणि ते आले तर, किंवा न आले तर, काय होतं?

पाणथळ हा शब्द आपल्याला नवा नाही. कोकणातली खाजणं, खाडीकाठची खारफुटी, भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, गावाबाहेरचं डबकं वाढत वाढत झालेलं तळं, ही सगळी पाणथळच. जिथं पाणी आणि जमीन यांची सीमा धड ठरत नाही, वर्षातला काही काळ तरी जमीन पाण्याखाली असते, ती पाणथळ जागा. बराच काळ अशा जागेला आपण पडीक म्हणत आलो. सातबाऱ्यावर तिला किंमत नव्हती, म्हणून भराव टाकून तिला किंमत आणण्याचा उद्योग झाला. पण पाणथळ म्हणजे निसर्गाचा स्पंज आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन घेते आणि पूर थोपवते, उन्हाळ्यात तेच पाणी हळूहळू सोडते. गाळ खाली बसवते, घाण गाळते. माशांची पोरं तिच्यात वाढतात. लांबचा प्रवास करणाऱ्या पाखरांना ती धर्मशाळेसारखी असते. प्रवासी एका धर्मशाळेतून दुसऱ्या धर्मशाळेत जातो. मधली एक जरी बंद पडली तरी त्याची यात्रा अडते.

ही गोष्ट ओळखणारी पहिली मोठी बैठक इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राच्या काठावरच्या रामसर नावाच्या गावी झाली. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथं १८ देशांच्या प्रतिनिधींनी पाणथळ जागांविषयीच्या कराराचा मसुदा मान्य केला. म्हणून २ फेब्रुवारी हा दिवस जगभर पाणथळ दिन म्हणून पाळतात. त्या १८ देशांमध्ये भारतही होता आणि पाकिस्तानही होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात या दोन देशांत युद्ध झालं, बांगलादेशचा जन्म झाला. वर्षाच्या एका टोकाला हे दोघे बदकांच्या तळ्यांविषयी एका टेबलाशी बसले होते आणि दुसऱ्या टोकाला रणांगणात उभे होते. तो करार मात्र टिकला. १९७५ साली तो अमलात आला, भारत १९८२ साली त्यात सामील झाला आणि आज १७०हून अधिक देश त्यात आहेत. त्याचं पाचवं कलम आपल्या विषयाच्या गाभ्याचं आहे. एखादी पाणथळ जागा दोन देशांत पसरली असेल, किंवा दोन देशांचं पाणी एक असेल, तर त्या देशांनी एकमेकांशी सल्लामसलत करावी, असं ते सांगतं.

कलम लिहिणं सोपं असतं. सल्लामसलत झाली नाही तर काय होतं, हे पाहायचं असेल तर भरतपूरच्या त्या पांढऱ्या क्रौंचाची गोष्ट ऐकायला हवी.

सैबेरियन क्रौंच हा माणसाच्या छातीपर्यंत येणारा, शुभ्र पांढरा पक्षी. चेहरा तांबडा, पंखांची टोकं काळी, पण ती काळी टोकं पंख उघडल्यावरच दिसतात. उथळ पाण्यात उभा राहून तो चोचीनं चिखल उकरतो आणि लव्हाळ्याचे कंद खातो. त्यामुळे पाणथळीवाचून त्याचं अजिबात चालत नाही. या पक्ष्यांचे तीन गट होते. एक गट पूर्व सैबेरियातून चीनमध्ये उतरायचा, एक पश्चिम सैबेरियातून इराणमध्ये, आणि तिसरा ओब नदीच्या खोऱ्यातून आपल्याकडे भरतपूरला. हा तिसरा गट कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातली तळी करत, मध्य आशिया ओलांडून अफगाणिस्तानात यायचा. गझनीच्या दक्षिणेला एक खारं तळं आहे, त्याचं नाव आब-ए-इस्तादा. आब म्हणजे पाणी, इस्तादा म्हणजे उभं राहिलेलं, थांबलेलं. थांबलेल्या पाण्यापाशी हे प्रवासी थांबायचे. मग पाकिस्तानातल्या सिंधूच्या खोऱ्यातून ते राजस्थानात उतरायचे. पाच हजार किलोमीटरच्या वर प्रवास, वर्षातून दोनदा.

१९६४-६५च्या हिवाळ्यात भरतपूरला असे सुमारे २०० क्रौंच होते. ऐंशीच्या दशकात चाळीसच्या आसपास राहिले. १९९३च्या सुरुवातीला पाच होते. पुढचे दोन हिवाळे एकही आला नाही. १९९६ साली चार आले आणि लोकांना पुन्हा आशा वाटली. २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली. त्यानंतर कोणी नाही.

आपल्या बाजूनं काही केलं नाही असं नाही. एकेकाळी भरतपूर ही राजेरजवाड्यांची शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेळ्यानं ४,२७३ पक्षी मारले, ही नोंद तिथल्या शिळेवर आजही वाचता येते. स्वातंत्र्यानंतर शिकार हळूहळू थांबली, अभयारण्य झालं, राष्ट्रीय उद्यान झालं. सलीम अलींसारखा माणूस त्याच्या पाठीशी उभा राहिला. यात चुकाही झाल्या. १९८२ साली गुरांना चराईबंदी केली, त्यावरून संघर्ष पेटला, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून दिसलं की, गुरं आणि म्हशी बाहेर गेल्यावर तळ्यांत गवत माजलं आणि पाणपक्ष्यांना जागाच उरेना. माणसाला हाकलून निसर्ग राखता येतो, या समजुतीला तिथं मोठा धक्का बसला. पण एवढं सगळं मान्य केलं तरी, आपल्या अंगणात त्या क्रौंचाला गोळी लागत नव्हती.

गोळी वाटेत लागत होती. पाकिस्तानच्या वायव्येकडे, लक्की मरवत आणि कुर्रमच्या खोऱ्यांत, क्रौंच पकडण्याची जुनी परंपरा आहे. रात्रीच्या वेळी पाळीव क्रौंच मैदानात बांधून ठेवतात. त्यांचा आवाज ऐकून वरून जाणारा थवा खाली येतो आणि मग शिसं बांधलेल्या दोऱ्या वर फेकून पक्षी अडकवतात. त्यांचा रोख मुख्यतः दुसऱ्या, संख्येनं पुष्कळ असलेल्या क्रौंचांवर असे. पण अंधारात दोरीला जात कळत नाही. अफगाणिस्तानात १९७९ नंतर युद्धामागून युद्ध आलं. हातोहाती बंदुका आल्या, तळ्यांची राखण करणारं कोणी उरलं नाही, आणि दुष्काळात आब-ए-इस्तादाचं पाणीही आटलं.

दोनशे पक्षी चाळीस वर्षांत संपतात कसे, याचं उत्तर त्यांच्या घरसंसारात आहे. क्रौंचाची मादी साधारणपणे दोन अंडी घालते, पण बहुधा एकच पिल्लू जगतं. म्हणजे मेलेल्या पक्ष्याची जागा भरून यायला फार वेळ लागतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रवासाची वाट हे पिल्लू पोटातून शिकून येत नाही. पहिल्या हिवाळ्यात ते आईबापांच्या मागून उडतं आणि वाट पाठ करतं. आपल्याकडे जसं एखादं गाणं आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येतं, तशी ती वाट पिढ्यान्पिढ्या येते. जाणती पाखरं मेली की त्यांच्याबरोबर वाटही मरते. म्हणूनच पुढे रशियात कृत्रिमरीत्या वाढवलेले क्रौंच मोकळे सोडले, तरी त्यांना भरतपूर सापडलं नाही. हलक्या विमानामागून त्यांना वाट शिकवण्याचे प्रयोगही झाले. २०१२ साली रशियाचे अध्यक्ष पुतिन स्वतः अशा यंत्रात बसून क्रौंचांच्या पुढे उडाले, त्याची छायाचित्रं जगभर छापून आली. एका देशाचा अध्यक्ष आकाशात उडाला, पण मेलेली वाट जिवंत झाली नाही.

मग हे सगळे देश एकत्र आले नाहीत का? आले. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठी १९७९ साली जर्मनीतल्या बॉन शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या छत्राखाली १९९३ साली खास या क्रौंचासाठी सामंजस्य करार झाला. त्या छत्राखालचा हा अशा प्रकारचा पहिलाच. पुढे त्यात क्रौंचाच्या वाटेवरचे ११ देश आले: रशिया, चीन, मंगोलिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत. या यादीतल्या कितीतरी देशांचं एकमेकांशी धड बोलणं नसतं. एका पाखरानं त्यांना एका कागदावर आणलं. पण तारीख पाहा. १९९३. तेव्हा भरतपूरला पाच पक्षी उरले होते. कागद पोचला, पण उशिरा पोचला.

जिथं उशीर झाला नव्हता तिथं त्याचा उपयोग झाला. २००३ ते २००९ या काळात जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीनं चीन, रशिया, कझाकस्तान आणि इराण या चार देशांत क्रौंचाच्या वाटेवरच्या पाणथळ जागांवर काम झालं. तळ्यांना वेळेवर पाणी कसं सोडायचं, कोणत्या पातळीवर ते ठेवायचं, गावकऱ्यांना त्यात कसं घ्यायचं, हे शिकण्याचं ते काम होतं. चीनच्या पोयांग सरोवराकडे उतरणारा पूर्वेचा गट आज काही हजारांत आहे. जगातले जवळजवळ सगळेच सैबेरियन क्रौंच आता त्या एका गटातले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे आणि भीतीचीही. सगळी पुंजी एकाच गाडग्यात आहे.

पश्चिमेच्या, इराणला जाणाऱ्या गटाची कथा मला फार चटका लावून जाते. रामसर ज्या माझंदरान प्रांतात आहे, त्याच प्रांतात फरिदूनकेनार नावाचं गाव आहे. तिथं भातशेतीसाठी पाणी साठवण्याच्या तळ्यांना 'आब-बंदान' म्हणतात. आब आणि बंद. आपला बंधारा त्याचा दूरचा भाऊ शोभावा. हिवाळ्यात तिथले शेतकरी शेतांत पाणी भरतात आणि जाळी लावून रानबदकं धरतात. बदकं बिचकू नयेत म्हणून त्या आवारात बंदूक चालवायची नाही, गडबड करायची नाही, असा त्यांचा कडक नियम. त्या शांततेच्या आसऱ्यानं क्रौंच तिथं टिकून राहिले. पक्षी धरणाऱ्यांनीच अजाणता पक्षी राखले. पण वाटेत बंदुका होत्याच. शेवटी तिथं एकच नर येऊ लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ओमिद, म्हणजे आपल्या उर्दूतली उमीद. त्याच्या जोडीदारणीचं नाव होतं आरजू. आरजू गेली, आणि पंधराएक वर्षं उमीद एकटीच हजारो किलोमीटर उडून येत राहिली. २०२३ साली बेल्जियममधून एक मादी आणून त्याच्याजवळ सोडली. तिचं नाव रोया, म्हणजे स्वप्न. त्या जोडीतून नवा थवा काही उभा राहिला नाही. मी कवी आहे, पण ही तीन नावं एका गोष्टीत घालण्याचं धाडस मला झालं नसतं.

ही झाली हातातून गेलेली गोष्ट. आता निभावलेली एक पाहू. युरोपात हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा उथळ समुद्र आहे. त्याला वॉडन समुद्र म्हणतात. भरतीला तो समुद्र असतो आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखलाचं मैदान. लोक त्यावरून चालत बेटांवर जातात. त्या चिखलात किडे, शिंपले, गोगलगायी यांची इतकी रेलचेल आहे की, दरवर्षी एक कोटीच्या वर पक्षी तिथं जेवायला उतरतात. सैबेरियातून आफ्रिकेला निघालेल्या पाखरांची ती मोठी खाणावळच आहे.

१९६०च्या दशकात हॉलंडमध्ये या समुद्राचा भाग बांध घालून आटवण्याच्या योजना होत्या. समुद्र हटवून शेती करणं हा त्या देशाचा पिढीजात धंदा. १९६५ साली एका सोळा वर्षांच्या मुलानं त्याविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. त्यातून एक संघटना उभी राहिली आणि विरोध वाढत गेला. त्याच सुमारास तिन्ही देशांतले शास्त्रज्ञ सांगू लागले की, हा समुद्र एकच आहे, तुम्ही त्याचे तीन तुकडे करून सांभाळू शकत नाही. १९७८ साली हेग इथं तीन देशांची पहिली परिषद भरली. १९८२ साली संयुक्त घोषणा झाली. १९८७ साली जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन इथं तिघांचं मिळून एक कायमचं कार्यालय सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात यातल्या एका देशानं बाकीचे दोन व्यापले होते, हे लक्षात घेतलं म्हणजे या सामाईक कार्यालयाचं मोल कळतं.

कार्यालय झालं आणि वर्षभरात परीक्षा आली. १९८८ साली तिथल्या सील या समुद्री प्राण्यांत विषाणूची साथ पसरली आणि निम्म्याहून अधिक सील मेले. सील आज डेन्मार्कच्या वाळूवर, तर उद्या जर्मनीच्या. तेव्हा एका देशानं शिकार बंद ठेवून आणि दुसऱ्यानं चालू ठेवून भागणार नव्हतं. शिकार तिघांनी आधीच थांबवली होती. आता १९९० साली त्यांनी सीलसाठी रीतसर करार केला. तिन्ही देशांनी ठरावीक दिवसांत विमानातून एकाच पद्धतीनं मोजणी करायची, एकच आराखडा पाळायचा. २००२ साली साथ पुन्हा आली, पुन्हा निम्म्याच्या आसपास सील गेले. पण वस्ती सावरली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर जे चारेक हजार होते, ते २०२० साली मोजले तेव्हा २८ हजारांच्या आसपास भरले. त्यानंतर आकडा पुन्हा काहीसा उतरला आहे आणि त्याची कारणं शोधणं चालू आहे. पण उतार लागलाय हे तिघांनाही एकाच दिवशी कळतं, कारण मोजमापाची पट्टी एक आहे. २००९ साली हा समुद्र जागतिक वारसा ठरला, २०१४ साली त्यात डेन्मार्कचा भाग जोडला गेला. तिथंही वायू आणि तेल काढण्यावरून वाद आहेत, मासेमारीवरून आहेत. शेजारी भांडतात, पण भांडण कुठं न्यायचं हे ठरलेलं आहे.

आता आपल्या घराजवळ येऊ. सुंदरबन हे सुमारे १० हजार चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल. त्याचा मोठा हिस्सा बांगलादेशात, उरलेला पश्चिम बंगालमध्ये. मधून सीमा जाते ती नद्यांवरून. वाघाला ती दिसत नाही. डिसेंबर २०२०मध्ये भारताच्या बाजूला एका वाघाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला. चार महिन्यांत तो खाड्या पोहत पोहत सुमारे १०० किलोमीटर गेला आणि बांगलादेशच्या हद्दीतल्या बेटावर पोचला. त्याला कोणी अडवलं नाही. मासे धरणारा गरीब माणूस चुकून पलीकडे गेला तर मात्र तुरुंगात जातो.

त्या जंगलात मध आणि लाकूड आणायला जाणारे हिंदू आणि मुसलमान दोघंही बनबीबीचं नाव घेऊन आत शिरतात. तिच्या कथेत मक्केचा उल्लेख आहे आणि तिची पूजाही होते. गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा तिचा नियम. कोणत्याही दोन सरकारांच्या आधी, तिथल्या माणसांनी हा सामाईक कायदा केलेला आहे.

सरकारांनीही काही पावलं टाकली. सप्टेंबर २०११मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ढाक्याला गेले, तेव्हा सुंदरबनच्या संवर्धनासाठी दोन देशांत सामंजस्य करार झाला. पण खारफुटीला नुसतं खारं पाणी पुरत नाही, वरून नदीचं गोडं पाणी यावं लागतं. गंगेवर फराक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला. त्यानंतर उन्हाळ्यात पलीकडच्या नद्यांत गोडं पाणी कमी झालं आणि खारेपणा वर सरकला, ही बांगलादेशची जुनी तक्रार आहे. १९९६ साली गंगेच्या पाणीवाटपाचा करार झाला, त्याची मुदत ३० वर्षांची. ती २०२६च्या डिसेंबरात संपते. नव्या करारात शहरांचा, शेतीचा, बंदराचा वाटा मोजला जाईलच. सुंदरबनचा वाटा कोण मागणार? जंगलाला मत नसतं. ते दोन देशांनी मिळून मागितलं तरच मिळेल.

लहान गोष्टींतून काय साधतं तेही सांगतो. पूर्व किनाऱ्यावर भारतात १५ एप्रिल ते १४ जून मासेमारी बंद असते. बांगलादेशात ती २० मेपासून पुढे ६५ दिवस बंद असायची. तिथले कोळी म्हणत, आम्ही घरी बसतो तेव्हा आमचे मासे शेजारी नेतात. माशांनाही पुरी विश्रांती मिळत नव्हती. २०२५ साली बांगलादेशनं आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी केली. दिनदर्शिकेत एवढा बदल, पण त्यामुळे आता समुद्राला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उसंत मिळते.

या सगळ्या गोष्टींतून मला चार गोष्टी समजल्या. पहिली, वेळ. पाच पाखरं उरल्यावर केलेला करार हा बहुधा शोकप्रस्ताव ठरतो. दुसरी, मोजणीची एकच पट्टी, नाहीतर प्रत्येक जण आपला आकडा घेऊन भांडत राहतो. तिसरी, कायमचं एक ठिकाण. सरकारं बदलतात, संबंध बिघडतात, तेव्हाही फाइल उघडी ठेवणारं कोणीतरी लागतं. आणि चौथी, तिथं राहणारी माणसं. फरिदूनकेनारचा बदकं धरणारा, सुंदरबनचा मध काढणारा, भरतपूरचा गुराखी यांना वगळून केलेला नियम कागदावरच राहतो.

याचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी या आपल्या तीन जागा रामसरच्या यादीत आहेत. नांदूर मधमेश्वरला आणि जायकवाडीला हिवाळ्यात जी रानबदकं आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस येतात, ते तिबेटचं पठार, मंगोलिया, मध्य आशिया इथून हिमालय ओलांडून येतात. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या हवाई वाटेवर ३० देश आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये समरकंदच्या परिषदेत या वाटेसाठी एक संयुक्त उपक्रम मान्य झाला आणि त्याचं समन्वयाचं काम भारताकडे द्यायचं ठरलं. हा मान आहे आणि जबाबदारीही. पण गोदावरीचं तळं सांडपाण्यानं आणि जलपर्णीनं भरलं, तर मंगोलियाच्या माणसाला आपण कोणत्या तोंडानं सांगणार की, बाबा, तुझं तळं राख?

आमची दादी स्वयंपाक करताना आईला सांगायची, "रश्श्यात तांब्याभर पाणी वाढव, वास शेजारी गेलाय." ज्या घरापर्यंत वास गेला त्या घराचा त्या पातेल्यावर हक्क आहे, असं तिचं साधं गणित. तिला पाणथळ हा शब्द ठाऊक नव्हता, आणि देशांच्या सीमा तर तिनं नकाशातही पाहिल्या नव्हत्या. पण जे आपल्या चुलीवर आहे ते सगळंच आपलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तळ्याचं तसंच आहे. ते आपल्या हद्दीत असतं, एवढंच.

भरतपूरला पाणी पुढे आलं. चंबळचं पाणी नळानं आणलं, तळी पुन्हा भरू लागली, इतर पुष्कळ पक्षी परतले. पाणी परत आणता येतं, असं त्यातून दिसलं. पांढऱ्या क्रौंचाची वाट मात्र परत आणता आली नाही. नांदूर मधमेश्वरला उतरणाऱ्या हंसांना ती अजून पाठ आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)